वास कुणालाच आला नाही

"बाबा, आज एक शब्द तोंडातून काढायचा नाही," लेक म्हणाली.

"कोणता?"

"गॅस."

जपूनरावांनी मान डोलावली. मग जरा विचार करून विचारलं, "आणि वायू?"

"वायू नाही, सिलिंडर नाही, गळती नाही, विषारी तर अजिबात नाही. गेल्या वेळी मावशीकडे तुम्ही फ्रिजच्या मागच्या नळीवर बोलत बसलात. ती अजून फ्रिज उघडताना श्वास रोखून धरते."

"तिनं मागची खिडकी उघडली का, विचार तिला."

"बाबा."

"बरं, राहिलं," जपूनराव म्हणाले.

जपूनराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. शहराबाहेर दाबून भरलेल्या वायूंचं एक मोठं गोदाम होतं, तिथे ते सुरक्षा अधिकारी होते. जळणारे वायू एका अंगाला, जळायला मदत करणारे दुसऱ्या अंगाला, मध्ये जाडजूड भिंत, आणि विषारी वायू सगळ्यांपासून लांब, वारा खेळेल अशा उघड्या शेडमध्ये. तिथला प्रत्येक सिलिंडर उभा, साखळीनं बांधलेला, झडपेवर टोपी घातलेला आणि अंगावर कवटीचं लेबल मिरवणारा. संध्याकाळी घरी निघणाऱ्या प्रत्येकाला ते दारातून "जपून" म्हणत. हळूहळू तेच त्यांचं नाव पडलं, आणि पुढचं 'राव' लोकांनी आदरानं जोडलं की थट्टेनं, हे त्यांनी कधी खोलात जाऊन पाहिलं नाही.

नव्या माणसांना शिकवायला त्यांना फार आवडे. सिलिंडरच्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही, लेबल वाचायचं. रिकामा सिलिंडर कधीच पुरता रिकामा नसतो. विषारी शेडमध्ये एकट्यानं जायचं नाही. आणि मग आवाज खाली आणून ते त्यांच्या सर्वात नावडत्या वायूकडे वळत. हायड्रोजन सल्फाइड. सडलेल्या अंड्यासारखा वास. "थोडा असला की वास येतो," ते सांगत. "जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास थांबतो. माणूस म्हणतो, गेला एकदाचा. गेलेला नसतो. म्हणून वास आला की सावध व्हा, आणि आलेला वास आपोआप गेला की पळा." मग वर्गातली माणसं एकमेकांकडे बघत हळूच नाक ओढून बघत.

असा माणूस घरात कसा असेल, हे सांगायला नको. पण आजचा दिवस वेगळा होता. लेकीनं स्वतः पसंत केलेल्या मुलाचे आईवडील पहिल्यांदाच घरी यायचे होते. मुलाची आई राजी होती. वडिलांचं मात्र अजून तळ्यात-मळ्यात चाललं होतं. "घर बघितल्याशिवाय मी तारीख काढणार नाही," असं ते म्हणाले होते. त्यामुळे लेक सकाळपासून तीच उशी पुन्हा पुन्हा सरळ करत होती आणि जपूनराव तिच्याकडे बघत होते. जगातली प्रत्येक धोक्याची गोष्ट त्यांना साखळीनं बांधून ठेवता आली होती, ही एक मुलगी सोडून. तिचं चांगलं व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं आणि त्यासाठी जन्मात एकदा तोंड बंद ठेवायची त्यांची खरोखर तयारी होती. कमरेला कायम लटकणारं वायू मोजायचं मीटरसुद्धा त्यांनी लेकीच्या हवाली केलं. तिनं ते चपलांच्या कपाटात टाकलं.

पाहुणे वेळेवर आले, मुलगाही बरोबर होता. मुलाच्या वडिलांचं अत्तराचं दुकान होतं, वाडवडिलांपासून चालत आलेलं. भरदार देह, उकाड्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला सदरा आणि चेहऱ्यावर आपण परीक्षेला आलो आहोत की परीक्षा घ्यायला, याचा पक्का अंदाज.

"यांचं नाक म्हणजे काय सांगू," मुलाच्या आई बसता बसता म्हणाल्या. "बाटलीचं बूच निघायच्या आत आतलं अत्तर सांगतात. घरात दूध नासायचं असलं की आदल्या दिवशी यांना कळतं."

अत्तरवाल्यांनी हलकेच मान झुकवली आणि जपूनरावांचा हात हातात घेतला. आधी गुलाबाचा दरवळ आला. भरपूर आला. आणि त्या गुलाबाच्या खालून, जिना चढून दमलेल्या माणसासारखा हळूहळू, दुसरा एक वास वर आला.

सडलेलं अंडं.

जपूनरावांचा हात पाहुण्यांच्या हातातच राहिला. घरात अंडं नव्हतं. असतं तरी सडू दिलं नसतं. मग त्यांना आठवलं की मागच्या मोरीची नळी सरळ इमारतीच्या मैल्याच्या टाकीत जाते, आणि ती मोरी कितीतरी दिवसांत वापरलेली नाही. जाळीखालचं पाणी आटलं की टाकीतला वायू सरळ वर येतो. गोदामात हाच धडा त्यांनी चित्र काढून शिकवला होता.

"अहो, हात सोडा त्यांचा, बसू द्या," बायको म्हणाली.

जपूनराव बसले. नेमके अत्तरवाल्यांच्या शेजारी. पाहुणे दुकानाच्या गोष्टी सांगत होते, बायको हसत होती, लेक खुर्चीच्या कडेवर बसून बाबांच्या तोंडाकडे बघत होती. जपूनराव आखूड आखूड श्वास घेत होते. गॅस म्हणायचं नाही, वायू म्हणायचं नाही. त्यांनी जीभ दाताखाली धरली. वास येतोय ना, मग ठीक आहे, ते मनाला बजावत होते. वास येतोय म्हणजे अजून थोडाच आहे.

इतक्यात अत्तरवाले म्हणाले, "जरा उकडतंय, मी तिकडे बसतो," आणि उठून गॅलरीच्या दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. वारा घरातून बाहेर जात होता. थोड्याच वेळात जपूनरावांनी श्वास घेतला, आणि वास आला नाही.

त्यांनी पुन्हा घेतला. नाही. रुमालानं नाक साफ करून घेतला. काही नाही.

जपूनरावांच्या कपाळावर घाम फुटला.

दुसरा कुणी असता तर त्यानं सुटकेचा निःश्वास टाकून बिस्किट उचललं असतं. पण आलेला वास आपोआप गेला होता, आणि तो गेला म्हणजे काय, हे या खोलीत एकट्या जपूनरावांना ठाऊक होतं. तरी त्यांनी लेकीला दिलेला शब्द आठवला आणि अगदी सहज, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं विचारलं, "काय हो, कुणाला कसला वास वगैरे येतोय का?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

वास सगळ्यांना आला होता. चांगला आला होता. बायकोला वाटलं, आपल्या मोरीचाच, आणि मुलाकडची माणसं पुढ्यात बसलेली असताना ते कबूल करण्यापेक्षा तिनं जीव दिला असता. "छे, कसला वास?" ती म्हणाली. मुलाच्या आईंना वाटलं, पहिल्यांदा कुणाच्या घरी जायचं आणि तिथे घाण वासाचा विषय काढायचा, ही कुठली रीत. "नाही बाई. उलट किती प्रसन्न वाटतंय," त्या म्हणाल्या. मुलानं तोंड उघडलं, लेकीकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही काका."

"नाही बाबा," लेक म्हणाली. दात मिटलेले ठेवून नाही म्हणता येतं, हे तिनं दाखवून दिलं.

जपूनरावांनी शेवटच्या आशेनं त्या नामांकित नाकाकडे बघितलं.

"मुळीच नाही," अत्तरवाले घाईघाईनं म्हणाले. "काही म्हणजे काही नाही."

संपलं. बूच निघायच्या आत अत्तर ओळखणारं नाक, आणि त्याला स्वतःच लावलेल्या गुलाबाचासुद्धा वास येत नव्हता. खोलीतली सगळी नाकं बधिर झाली होती, आणि माणसं चहाची वाट बघत हसत बसली होती. 

"आलोच," म्हणून जपूनराव उठले. चपलांच्या कपाटातून मीटर काढलं आणि मागच्या मोरीत गेले. आकडा शून्य. क्षणभर बरं वाटलं. मग आठवलं की कालपासून हे मीटर तपासलेलंच नाही. रोज सकाळी माहितीतल्या वायूवर धरून ते बोंबलतं का, हे बघायचं असतं. न तपासलेलं मीटर आणि साबणाची वडी यांत काही फरक नाही, हे वाक्य गोदामाच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. लिहून त्यांनीच घेतलं होतं. त्यांनी मोरीत दोन तांबे पाणी ओतलं, दार लावलं आणि गोदामात फोन केला. ड्युटीवर त्यांचा सहायक होता.

"तपासणीची बाटली हवी आहे. घरी. आत्ता," ते कुजबुजले.

"एवढंच ना साहेब? पाण्याच्या बाटलीएवढी तर आहे. खिशात घालून स्कूटरवर घेऊन येतो."

"आत काय आहे त्या बाटलीत?"

"नावालाच तर आहे साहेब."

"नाव काय?"

सहायकानं सुस्कारा सोडला. "हायड्रोजन सल्फाइड."

"वर्ग?"

"विषारी."

"मग विषारी वायू कसा न्यायचा, हे तुला मी शिकवलंय. मोठी गाडी. चारी बाजूंनी कवटीच्या पाट्या. वरचा दिवा चालू. बाटली उभी, बांधलेली. दोन माणसं, पाठीवर हवेच्या टाक्या, तोंडाला मुखवटे."

"साहेब, दुसरा माणूस घेतो. पण मला मुखवटा बसायचा नाही. दाढी ठेवलीय ना मी. सहा महिने वाढवलीय."

गालावर केस असले की मुखवटा घट्ट बसत नाही आणि फटीतून वायू आत येतो. जपूनरावांनी डोळे मिटले. "वाटेत काढ," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

बाहेर बायको चहा ओतत होती.

"चला, सगळे जरा खाली जाऊ," जपूनराव म्हणाले. "हवा छान आहे खाली."

"अहो, चहा ओतलाय."

"राहू दे. आणि कुठलंही बटण दाबू नकोस. दिवा लावू नकोस, लागलेला बंद करू नकोस."

"काय झालं काय?" मुलाच्या आईंनी विचारलं.

"काही नाही. फक्त हळू श्वास घ्या."

हे ऐकल्यावर हळू श्वास घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मुलाच्या आई धापा टाकू लागल्या. अत्तरवाले उठून दाराशी गेले आणि बूट घालायला वाकले, तसे जपूनराव धावत गेले.

"वाकू नका. तो जड असतो. खाली जमिनीजवळ साचतो."

"कोण जड असतो?"

जपूनरावांनी लेकीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. आता शब्द पाळण्यात अर्थ नव्हता. लेक रागावलेली चालेल, पण जिवंत हवी.

"गॅस," ते म्हणाले.

बूट तिथेच राहिले. अत्तराच्या पिढीजात दुकानाचे मालक अनवाणी जिना उतरले, पाठोपाठ त्यांच्या पत्नी, मग मुलगा, मग लेक, मग हातात किटली तशीच धरलेली बायको. आवारात आल्यावर जपूनरावांनी रुमाल हवेत धरून वाऱ्याची दिशा बघितली आणि सगळ्यांना कुंपणाच्या एका कोपऱ्यात उभं केलं, कारण गळतीच्या वेळी वारा येतो त्या बाजूला उभं राहायचं असतं. वारा फिरला. त्यांनी सगळ्यांना दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. वारा पुन्हा फिरला.

"आम्ही नक्की कुठे उभं राहायचं, ते एकदा ठरवा," अत्तरवाले एका पायावर तोल सावरत म्हणाले. आवारात खडी टाकलेली होती.

शेजाऱ्यांना सांगणं भाग होतं. जपूनरावांनी वर जाऊन एक एक दार वाजवलं आणि घबराट नको म्हणून फक्त विचारलं, "वास येतोय का?" पहिले म्हणाले नाही. दुसरे म्हणाले नाही. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी मोठा श्वास भरून घेतला आणि आनंदानं सांगितलं, "अजिबात नाही." प्रत्येक नाहीबरोबर जपूनरावांचा चेहरा उतरत चालला. अख्खी इमारत गेली हातची, त्यांना वाटलं. निदान एकानं तरी छी म्हणावं, म्हणून त्यांनी मास्तरांना गळ घातली, "नीट घेऊन बघा हो. थोडासा तरी?" मास्तरांनी नम्रपणे दार लावून घेतलं.

तेवढ्यात गल्लीत गाडी वळली. चारी बाजूंनी कवट्या, वर फिरता दिवा, आत दोन माणसं मुखवटे घालून, आणि मागच्या भल्यामोठ्या रिकाम्या हौद्यात मधोमध, साखळीनं चहूकडून बांधलेली, पाण्याच्या बाटलीएवढी एक बाटली.

त्यानंतर कुणाचं दार वाजवायची गरज पडली नाही. इमारत आपोआप खाली आली. निवृत्त मास्तर टॉवेलवर आले. कुणी देवघरातले देव आणले, कुणी नुसताच टीव्हीचा रिमोट. "काय झालंय?" "गॅस." "कसला?" "वास येत नाही असला." "अरे बापरे, मलाही येत नाहीये." जो तो शेजाऱ्याला विचारत होता आणि कुणालाच वास येत नव्हता, त्यामुळे धोका किती मोठा आहे, हे सगळ्यांना पटत चाललं होतं.

सहायकानं मुखवटा वर केला. गाल कापल्याच्या ताज्या खुणांनी भरलेले होते आणि डोळ्यांत शोक होता. "घ्या साहेब, तपासा," तो म्हणाला.

बाटलीची तोटी किंचित उघडताच मीटर असं किंचाळलं की आवारातली सगळी माणसं एकदम कुंपणाला चिकटली. मीटर उत्तम चालत होतं. दोघेजण ते घेऊन वर गेले. खाली जपूनराव मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले. मुलाच्या आई बायकोला धरून उभ्या होत्या आणि दोघी हळू आवाजात काही बोलत होत्या. अत्तरवाले मात्र सगळ्यांपासून लांब, एकटेच, हाताची घडी घालून उभे होते.

दोघे खाली आले. "बैठकीत शून्य, स्वयंपाकघरात शून्य, मोरीत शून्य," सहायक म्हणाला. "जाळीत आत घालून बघितलं साहेब. स्वच्छ आहे. चहा गार झालाय तेवढा."

आवारात कुजबुज सुरू झाली. मास्तरांनी टॉवेल सावरत काहीतरी खरमरीत म्हटलं. लेक जपूनरावांसमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "एक दिवस मागितला होता मी बाबा. फक्त आजचा."

 आपण मूर्ख ठरलो याचं जपूनरावांना काही वाटलं नाही, ते त्यांना सवयीचं होतं. पण लेकीचं ठरत आलेलं लग्न आपल्या हातानं मोडलं, हे त्यांच्या छातीवर बसलं. त्यांनी सहायकाच्या हातून मीटर घेतलं आणि माफी मागायला अत्तरवाल्यांकडे निघाले. जाताना सवयीनं मीटर पुढे धरलेलं होतं.

शून्य. शून्य. अत्तरवाल्यांजवळ पोचता पोचता, एक.

जपूनराव थबकले. एक पाऊल मागे आले. शून्य. पुढे गेले. एक. पाहुण्यांच्या बाहीजवळ मीटर नेलं. दोन. अत्तरवाल्यांनी आधी मीटरकडे बघितलं, मग जपूनरावांकडे, आणि तो भरदार माणूस डोळ्यांदेखत लहान झाला.

"हळू," ते पुटपुटले. "मलम आहे. गंधकाचं. दोन्ही हातांना."

"कशासाठी?"

"खरूज." तो शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा जपूनराव सल्फाइड उच्चारत. "डॉक्टर म्हणाले, बरी झालीय, आता दुसऱ्याला व्हायची नाही. पण मलम अजून लावायचंय. वरून गुलाब ओततो, तरी दबत नाही मेलं. घरात कुणाला बोललो नाही. आणि बाहेर तर... अहो, मी गिऱ्हाइकाच्या हातावर स्वतःच्या बोटानं अत्तर लावतो. त्यातल्या एकाला जरी कळलं ना, तर दुकानाची पायरी कोण चढेल माझ्या?"

जपूनराव मीटरकडे बघत राहिले. म्हणजे वायू होता. अगदी थोडा, कुणाच्या नखालाही धक्का न लागण्याइतका, पण होता. त्यांचं नाक बरोबर होतं, मीटर बरोबर होतं. आता नुसतं मागे वळून "हा बघा" म्हटलं की झालं. मास्तर गप्प बसतील, सहायकाची दाढी कारणी लागेल, आणि आपला बाप वेडा नाही, हे लेकीला कळेल. सगळं आवार त्यांच्याकडे बघत होतं. अत्तरवाले खाली, स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत होते.

"अहो, काय निघालं?" बायकोनं लांबून विचारलं.

जपूनरावांनी मीटर बंद केलं.

"मोरी," ते म्हणाले. "आपली मागची मोरी. साधा तुंबल्याचा वास. माझाच गैरसमज झाला."

"माझी मोरी?" बायको म्हणाली. तिनं हातातली किटली खाली खडीवर ठेवली.

"होय. घाबरण्यासारखं काही नाही."

अत्तरवाल्यांनी मान वर केली. घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खरं सांगू का, वास मला मघाशीच आला होता. संकोचानं बोललो नाही. पण एक सांगतो, घरच्यांची, पाहुण्यांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची एवढी काळजी करणारा माणूस मी बघितला नाही. मला हे घर पसंत आहे. तारीख काढून टाकू."

मोरीवर शिक्कामोर्तब झालं तसा सगळ्यांना धीर आला. "मलाही जरासा आला होता," मुलाच्या आई म्हणाल्या. "मलाही," मुलगा म्हणाला.

"मग विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?" जपूनरावांनी थक्क होऊन विचारलं.

"असं तोंडावर कसं म्हणायचं काका?"

जपूनराव त्याच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं ते माणसांना वायूंचे गुण शिकवत आले होते. नाक धडधाकट असूनही तोंड नाही म्हणतं, हे त्यांच्या कुठल्याच धड्यात नव्हतं.

जिना चढताना लेक त्यांच्या बरोबरीनं चालत होती. "बाबा," ती हलकेच म्हणाली, "मी तुमच्या मागेच उभी होते. मीटरवर दोन आला होता."

"जुनं झालंय ते मीटर."

तिनं मीटर त्यांच्याकडून काढून घेतलं. मग त्यांचा हात धरला आणि वरपर्यंत सोडला नाही. जपूनरावांना हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यावर निभावला.

आनंदाची गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात अत्तरवाल्यांकडून लाकडी पेटी आली. आत गुलाबाच्या अत्तराची टोलेजंग बाटली आणि सोबत निरोप, "घरासाठी, मनापासून." बायकोनं ती बाटली उचलून मोरीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली आणि जपूनरावांकडे एकवार बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर आला. त्यानं फरशी फोडली, नळ्या उघड्या केल्या, आत हात घातला, बॅटरी मारली आणि सांगितलं की असली ठणठणीत मोरी त्यानं उभ्या आयुष्यात बघितली नाही.

"तरी सगळी बदला," बायको म्हणाली.

छिन्नीचा प्रत्येक घाव जपूनरावांच्या काळजावर पडत होता. बायकोचा सगळ्यांदेखत अपमान केला, वर घर फोडायला लावलं. बोलावं तर व्याह्यांची अब्रू जाते, न बोलावं तर मोरी जाते. दुपारपर्यंत त्यांनी दम धरला. मग प्लंबर बाहेर गेलासा बघून ते दाराशी आले.

"अगं, ऐक ना," ते म्हणाले. "कुणाला सांगू नकोस. तो वास आपल्या मोरीचा नव्हता."

"माहीत आहे," बायको म्हणाली. "व्याह्यांच्या मलमाचा होता."

जपूनरावांनी दाराची चौकट धरली. "तुला कोणी सांगितलं?"

"विहीणबाईंनी. खालीच, तुमची माणसं वर गेली होती तेव्हा. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मुलालाही माहीत आहे. व्याह्यांना वाईट वाटेल म्हणून घरात कुणी बोलत नाही."

"मग ही मोरी कशाला फोडलीस?"

"सगळ्या इमारतीसमोर तुम्ही काय सांगितलंत? आमच्या मोरीला वास येतो. आता जुनीच मोरी ठेवली तर लोक काय म्हणतील? शिवाय मला इथे फिक्या निळ्या फरश्या हव्या होत्या." तिनं पदर खोचला, भिंतीकडे डोळे बारीक करून बघितलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं दोनदा हुंगलं. "ओट्याखालीही मला थोडा वास वाटतोय. म्हणजे ओटाही काढायला लागेल. तुम्हाला येतोय ना?"

प्लंबर छिन्नी घेऊन परत आला होता आणि उत्तराची वाट बघत उभा होता. जपूनरावांनी ओट्यापाशी जाऊन, खाली वाकून, छाती भरून श्वास घेतला. ओट्याखाली साबण होता, कोरडं फडकं होतं, आणि हवा अगदी स्वच्छ होती.

"येतोय," ते म्हणाले.